बंजारा स्त्रीची आकृती आणि स्त्री-चित्रकाराची नजर : बी. प्रभा यांच्या चित्रांचा पोहरादेवीच्या संदर्भात पुनर्विचार

वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे देशभरातील बंजारा समाजाचे श्रद्धास्थान होय. जगदंबा मातेचे मंदिर आणि संत सेवालाल महाराजांची समाधी यांच्या दर्शनासाठी रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्राबरोबरच तेलंगण, आंध्र आणि कर्नाटकातूनही भाविक येथे लोटतात. या यात्रेचे म्हणून जे छायाचित्र छापले जाते त्यात बहुधा एक वयस्क स्त्री असते. अंगात आरसे जडवलेली कांचळी, घेरदार फेटिया, डोईवर टुकरी, कानांजवळ रुळणाऱ्या चांदीच्या घुगऱ्या आणि दंडापर्यंत चढलेले बलिये. साध्या गोल साडीत आलेल्या असंख्य लेकी-सुना त्या चौकटीत सहसा येत नाहीत. कोणती स्त्री चित्रात यायची आणि कोणती वगळायची, हे छायाचित्रकार ठरवतो तसेच चित्रकारही ठरवीत आला आहे. चित्रकार स्त्री असेल तर ही निवड बदलते काय, आणि बदलत असेल तर नेमके काय बदलते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न आपल्याकडे बहुधा फार सोपा करून मांडला जातो. पुरुष चित्रकार स्त्रीला भोग्य रूपात रंगवतो आणि स्त्री-चित्रकार तिला 'आतून' जाणते, असे एक समीकरण महाविद्यालयीन चर्चासत्रांतून रूढ झाले आहे. या समीकरणातील पहिला अर्धा भाग बव्हंशी खरा आहे. दुसऱ्या अर्ध्या भागाची तपासणी मात्र झालेली नाही. ती करण्यासाठी विदर्भाच्याच भूमीतून आलेल्या एका थोर चित्रकर्तीचे, बी. प्रभा यांचे, उदाहरण घेणे उचित ठरते. ग्रामीण, कष्टकरी स्त्री हा त्यांच्या चित्रसृष्टीचा जवळजवळ एकमेव विषय होता.

नोंदवहीतील स्त्री

प्रभा यांच्याकडे वळण्यापूर्वी वऱ्हाडातील बंजारा स्त्रीकडे आधी कोणी आणि कशासाठी पाहिले, हे ध्यानात घ्यावे लागते. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील बंजारा समाजावरील प्रकरणाचा मुख्य आधार म्हणजे वऱ्हाड पोलीस दलातील कंबरलेज या अधिकाऱ्याने लिहिलेला प्रबंध. तो प्रथम १८६९ च्या सुमारास लिहिला गेला असावा असे रसेल यांनी म्हटले असून त्याचे पुनर्मुद्रण १८८२ चे आहे. बंजारा स्त्रीच्या वेशभूषेचे आणि दागिन्यांचे बारकाईने केलेले वर्णन पुढील अभ्यासकांना ज्या प्रकरणातून मिळत राहिले, त्याच्या मुळाशी अशी पोलीस खात्यातील लेखणी आहे. या दोन तारखांच्या मध्ये, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमाती कायदा झाला. माणूस ओळखून काढण्याची गरज आणि त्याच्या पेहरावाची नोंद करण्याची हौस या दोन गोष्टी तेव्हा एकाच दप्तरात नांदत होत्या. रसेल यांच्या ग्रंथात 'शिंग' धारण केलेल्या बंजारा स्त्रियांचे छायाचित्रही आहे. शिंग म्हणजे केसांत उभी बसवलेली काठी. तिच्यावरून ओढणी खाली येते आणि चालणाऱ्या स्त्रीची आकृती एकाएकी उंच दिसू लागते. चित्रकाराला मोह पडावा अशीच ती आकृती आहे. पण ज्या पानावर ती येते ते पान वर्गीकरणाचे आहे.

आणखी एक योगायोग लक्षणीय आहे. बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ वाहून नेणे हा या समाजाचा पिढीजात व्यवसाय होता. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोचला आणि त्या व्यापाराचा कणा मोडत गेला. तांडे डोंगराच्या कडेला स्थिरावले, शेतमजुरीवर आले. उपजीविका संपुष्टात येत असतानाच त्या स्त्रीचा पोशाख अभ्यासाचा आणि कौतुकाचा विषय झाला. १९५२ मध्ये गुन्हेगार जमातीचा कायदेशीर शिक्का पुसला गेला, महाराष्ट्रात हा समाज विमुक्त जातींच्या यादीत आला. परंतु कॅलेंडरांवरील आणि हिंदी चित्रपटांतील 'बंजारन' तोवर पक्की झाली होती. तिला घर नाही, तिला काम नाही. तिला केवळ घागरा आहे आणि कटाक्ष आहे.

मुंबईच्या अभिजनांत रूढ झालेली चित्रकला या दृष्टीपासून अलिप्त नव्हती. राजा रविवर्मा यांनी १८९३ च्या शिकागो प्रदर्शनासाठी पाठविलेल्या दहा चित्रांत निरनिराळ्या प्रांतांच्या आणि थरांच्या स्त्रियांचे दर्शन घडविले होते, आणि त्यांत दक्षिणेतील भटक्या कुटुंबाचेही चित्र होते. ऑटो रॉथफेल्ड या सनदी अधिकाऱ्याच्या भारतीय स्त्रियांवरील १९२० च्या पुस्तकासाठी म. वि. धुरंधर यांनी चित्रे काढली. धुरंधरांची रेषा विलक्षण जिवंत आहे, हे कोणीही मान्य करील. त्यांच्या स्त्रिया चालतात, वळतात, पदर सावरतात. तरीही त्या पुस्तकात प्रत्येक स्त्री आपल्या जातीची वा प्रांताची प्रतिनिधी म्हणूनच उभी राहते, आणि मजकूर लिहिणारा अधिकारी तिच्या सौंदर्याची प्रतवारी लावत जातो. याच धुरंधरांच्या कन्या अंबिका धुरंधर यांनी १९३१ मध्ये जे. जे. कलाशाळेची पदविका मिळविली. त्या काळी ही सामान्य गोष्ट नव्हती. त्यांचा ओढा पौराणिक आणि ऐतिहासिक प्रसंगचित्रांकडे राहिला. वडिलांनी ज्या स्त्री-नमुन्यांची मालिका रचली तिला कन्येने उत्तर दिले नाही, असे म्हणून त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. उत्तर देण्यासाठी लागणारी जागाच तेव्हा घडली नव्हती.

ती जागा न घडण्याची कारणे लिंडा नॉक्लिन यांनी १९७१ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात युरोपच्या संदर्भात दाखवून दिली आहेत. विवस्त्र मानवाकृतीचा अभ्यास हा अकादमीतील शिक्षणाचा गाभा आणि त्याच वर्गाचे दार स्त्रियांना शतकानुशतके बंद. आपल्याकडे जे. जे.मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत, १९२० च्या आसपास, नग्न मॉडेलवरून अभ्यासाला आरंभ झाला. पण येथे दुसरा एक पेच होता, आणि नॉक्लिन यांच्या विवेचनात तो मध्यवर्ती नाही. वर्गात समोर बसणारी स्त्री गरिबीमुळे तेथे आलेली असे. तिच्या आणि चित्र काढणाऱ्या विद्यार्थिनीच्या मध्ये लिंगाचे अंतर नसेल, वर्गाचे आणि जातीचे अंतर मात्र भरपूर असे. रवी जाधव यांच्या २०१८ च्या 'न्यूड' या मराठी चित्रपटाने हा प्रश्न सर्वसामान्य प्रेक्षकांपुढे आणला. कलासमीक्षेने त्याची पुरेशी दखल घेतलेली नाही.

अमृता शेरगिल यांचा वारसा

बी. प्रभा यांच्यासमोर जो आदर्श होता तो अमृता शेरगिल यांचा. पॅरिसमध्ये शिकलेल्या शेरगिल यांनी १९३४ मध्ये स्वतःला ताहितीयन स्त्रीच्या रूपात, कमरेपर्यंत विवस्त्र रंगविले. गोगँने दक्षिण सागरातील स्त्रियांना जसे मांडले त्याची जाणीव ठेवूनच हे चित्र झाले आहे. परंतु येथे रंगवणारी आणि रंगवली जाणारी एकच आहे, आणि तिच्या मागे एका पुरुषाची सावली भिंतीवर पडली आहे. चित्रातील स्त्री त्या सावलीकडेही पाहत नाही आणि प्रेक्षकाकडेही पाहत नाही. त्याच वर्षी त्या भारतात परतल्या. १९३५ चे 'तीन मुली' हे चित्र १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. त्याच सुमारास मुंबईहून दक्षिणेकडे जाताना त्यांनी अजिंठा पाहिला आणि 'वधूचा शृंगार' यांसारख्या चित्रांत त्या भित्तिचित्रांचा मातकट, घट्ट रंग उतरला.

शेरगिल यांच्या कर्तृत्वाबद्दल येथे नवे काही सांगण्याची आवश्यकता नाही. एवढेच नोंदवावयाचे आहे की त्यांनी स्वतःच्या देहाला जो अधिकार दिला तो त्यांच्या ग्रामीण आणि पहाडी स्त्रियांना दिलेला नाही. स्वतःच्या आणि बहिणीच्या चित्रात इच्छा आहे, आळस आहे, मिजास आहे. 'तीन मुलीं'मध्ये नशिबाला शरण गेलेले मौन आहे. १९४० च्या सुमारास, सराया येथील नातेवाइकांच्या इस्टेटीवर राहत असताना केलेल्या 'खाटेवर विसावलेली स्त्री' या चित्रात त्यांनी हे अंतर ओलांडण्याचा प्रयत्न केला. लाल वस्त्रातील ती स्त्री वाट पाहणारी आहे, केवळ सोसणारी नाही. पुढील वर्षी, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, शेरगिल यांचे निधन झाले. वारसा म्हणून मागे उरले ते मुख्यत्वे मौनच.

बी. प्रभा : उंच आकृती, झुकलेली मान

बी. प्रभा यांचा जन्म १९३३ मध्ये नागपूरजवळच्या बेला या गावी झाला. नागपूरच्या कलाशाळेत आरंभीचे शिक्षण घेऊन त्या मुंबईस जे. जे.मध्ये आल्या. १९५६ मध्ये शिल्पकार बी. विठ्ठल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दोघांनी मिळून प्रदर्शने भरविली. होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संग्रहासाठी त्यांची चित्रे आरंभीच्या काळातच घेतली होती. विदर्भातील एका खेड्यातून निघून पुरुषांच्या बैठकीत आपली स्वतंत्र जागा मिळविणारी ही चित्रकर्ती २००१ मध्ये नागपूर येथे निवर्तली. मराठी कलासमीक्षेत तिच्यावर जितके लिहिले जावयास हवे होते त्याच्या निम्मेही लिहिले गेलेले नाही. प्रोग्रेसिव्ह गटातील एकेका पुरुष चित्रकारावर ग्रंथामागून ग्रंथ निघत असताना ही उपेक्षा खटकते.

प्रभा यांची स्त्री-आकृती एकदा पाहिली की विसरत नाही. मान लांब, खांदे उतरते, हातपाय ज्वारीच्या ताटासारखे सडपातळ आणि उंच. चेहरा लहान, डोळे बहुधा खाली झुकलेले किंवा शून्यात लागलेले. साडी म्हणजे अंगावर लपेटलेला रंगाचा एक सलग पट्टा. त्यावर काठापदराची नक्षी जवळजवळ नाहीच. मागे एकाच रंगछटेचा अवकाश. सोबतीला माशांची टोपली, घागर, पक्षी, कधी मूल. पाश्चात्त्य चित्रकलेची ओळख असलेल्या वाचकास येथे मोदिल्यानीची आठवण होईल. ती अस्थानी नाही. मात्र मोदिल्यानीने मान आणि देह लांबविला तो पुष्कळदा नग्न स्त्रीच्या आडव्या देहाचे सौष्ठव वाढविण्यासाठी, आणि प्रभा यांनी तीच लांबी उभ्या, वस्त्रांकित, ओझे वाहणाऱ्या देहाला दिली. या एका बदलाने पुष्कळ काही साधले आहे.

पहिले म्हणजे कटाक्ष नाहीसा झाला. कॅलेंडरावरील कोळीण वा बंजारन प्रेक्षकाकडे पाहून हसते. प्रभा यांची कोळीण कोणाकडेच पाहत नाही. तिला प्रेक्षकाची गरज उरलेली नाही. दुसरे, वक्ष आणि नितंब यांवर रेंगाळणारी नजर येथे अडखळते, कारण देहाची सारी लय उभी आहे. डोळा पायापासून मानेकडे चढतो आणि मानेच्या वळणापाशी थांबतो. स्त्रीच्या ठसठशीत गोलाईवर पोसलेल्या भारतीय चित्रपरंपरेत ही काटछाट सहजासहजी सुचण्यासारखी नव्हती. तिसरे, दागिने गेले. ज्या स्त्रीला तिच्या दागिन्यांवरून जातीत बसवण्याची सवय नोंदवहीने लावली होती, ती प्रभा यांच्या चित्रात केवळ स्त्री म्हणून उभी राहते. पोलिसी आणि सनदी नजरेतून स्त्री-आकृतीची सुटका करण्याचे काम या चित्रकर्तीने केले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

अडचण सुरू होते ती याच सुटकेपाशी. दागिने आणि नक्षी काढून टाकल्यावर त्या जागी काय आले? दुःख आले. स्त्रीचे दुःख रंगविणे हाच आपला हेतू असल्याचे प्रभा सांगत असत, आणि त्या हेतूच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. दुष्काळ, भूक, बेघरपणा हे विषय त्यांनी जाणीवपूर्वक हाताळले. पण चित्रांमागून चित्रे पाहत गेल्यावर असे आढळते की दुःख सर्वत्र सारखेच आहे. कोळणीचे आणि घागर भरणारीचे, तरुणीचे आणि मातेचे दुःख एकाच मानेच्या एकाच वळणातून सांगितले जाते. अनेक चित्रांना स्वतंत्र शीर्षकेही नाहीत. त्यांच्या चित्रांत कामाचे साहित्य असते, प्रत्यक्ष काम मात्र क्वचितच असते. टोपली डोक्यावर किंवा शेजारी आहे. पण मासे कापणारे, वाकणारे, घासाघीस करणारे, ओरडणारे शरीर नाही. मुंबईच्या बाजारात ज्यांनी कोळणीशी भावाची हुज्जत घातली आहे त्यांना ही शालीन, अबोल कोळीण ओळखू येणे कठीण आहे. श्रमणाऱ्या देहाचे स्नायू, वजन, घाम यांना त्या लांब रेषेत जागाच मिळत नाही. पार्श्वभूमीही स्थलहीन आहे. बेला गावची शेती, कपाशी, मार्चनंतरचे रखरखीत ऊन यांतील काहीही ओळखीच्या स्वरूपात चित्रात शिरत नाही.

या दुःखाला बाजारही मिळाला. एअर इंडियाने आपल्या चित्रसंग्रहाचा आरंभ १९५६ मध्ये प्रभा यांची सहा चित्रे प्रत्येकी ८७.५० रुपयांस विकत घेऊन केला, असे सांगितले जाते. या कंपनीच्या देशोदेशींच्या कार्यालयांत भारतीय चित्रे लागत. तरुण चित्रकर्तीला असा आश्रय मिळणे ही निःसंशय चांगली गोष्ट होती. त्या किमतीकडे पाहता आश्रय कोणी कोणास दिला असाही प्रश्न पडतो. मुद्दा असा की ग्रामीण स्त्रीची खिन्नता विमानाचे तिकीट काढणाऱ्याच्या डोळ्यांना सुखद वाटू शकली. दुःखाची रेषा इतकी डौलदार झाली की ती दिवाणखान्यात सहज सामावली. कटाक्ष टाकणाऱ्या स्त्रीपेक्षा खिन्न स्त्री अधिक प्रतिष्ठित खरी. पण दोघीही भिंतीवर निमूट राहतात. कलाकृतीच्या पुढील वाटचालीची जबाबदारी संपूर्णपणे कलावंतावर टाकता येत नाही. तरी एकच साचा पाच दशके टिकून राहण्यात या मागणीचा वाटा नसेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

वेगळे बोलणाऱ्या स्त्रिया

जॉन बर्जर यांनी १९७२ मध्ये युरोपीय नग्नचित्रांविषयी आणि लॉरा मल्वी यांनी १९७५ मध्ये चित्रपटाविषयी जे सिद्धान्तन केले त्यात पाहणारा पुरुष आणि पाहिली जाणारी स्त्री अशी मुख्य विभागणी आहे. प्रभा यांच्या चित्रांपुढे ती अपुरी पडते, कारण येथे पाहणारीही स्त्रीच आहे. या ठिकाणी आपल्याच भूमीत घडलेला विचार अधिक उपयोगी पडतो. गोपाळ गुरू यांनी १९९५ मध्ये दलित स्त्रिया वेगळे बोलतात ही मांडणी केली आणि पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात कार्यरत असलेल्या शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये तिची चिकित्सा करून तिला स्त्रीवादी भूमिदृष्टीचे रूप दिले. 'स्त्री' असा एकसंध अनुभव नसतो आणि जातीच्या उतरंडीवरील स्थान वगळून केलेले स्त्रीचे चित्रण हे वरच्या थरातील स्त्रीचेच चित्रण होऊन बसते, हे त्या विवेचनाचे सार. साहित्यसमीक्षेने ते पचविले आहे. चित्रकलेच्या समीक्षेत त्याचा वापर अद्याप तुरळक आहे. विमुक्त समाजातील स्त्रियांच्या बाबतीत तर तो अगत्याचा आहे, कारण त्यांच्यावर 'पाहिले जाणे' हे एकेकाळी कायद्यानेच लादलेले होते. या दृष्टीने पाहता प्रभा यांनी दागिने आणि नक्षी पुसून काढली ती मुक्तीही होती आणि पुसून टाकणेही होते.

प्रभा यांच्या नंतरच्या पिढीने अन्य वाटा शोधल्या. नलिनी मलानी, नीलिमा शेख, माधवी पारेख आणि अर्पिता सिंग या चौघींनी १९८७ ते १९८९ या काळात 'थ्रू द लुकिंग ग्लास' या नावाने एकत्र प्रदर्शने भरविली. त्यांपैकी अर्पिता सिंग यांनी सैल पडलेला, वयस्क, जड स्त्रीदेह निःसंकोचपणे रंगविला; प्रभा यांच्या चिरतरुण उंच आकृतीला याहून थेट उत्तर सापडणार नाही. विशेष म्हणजे अर्पिता सिंग यांच्या चित्रपृष्ठावर बंगालच्या कांथा भरतकामाची आठवण देणारी टाक्यांसारखी फटकारे भरण्याची रीत आहे, आणि गुजरातमधील खेड्यातून आलेल्या, कलाशाळेत न शिकलेल्या माधवी पारेख यांच्या आकृती घरातील लोककलांतून उगवल्या आहेत. सुई आणि कुंचला यांच्यातील उच्चनीचता येथे ढळते. प्रभा यांनी साडीवरील नक्षी काढून टाकली होती. या दोघींनी नक्षीलाच चित्राचे व्याकरण केले.

आरसा कोणाच्या हातात

येथून पुन्हा पोहरादेवीकडे वळता येते. कांचळी आणि फेटिया यांवरील भरतकाम बंजारा स्त्रिया स्वतः करीत आल्या आहेत. आरशांचे तुकडे, कवड्या, नाणी आणि रंगीत दोरा यांची रचना कापडावर होते तेव्हा आकृतीचा कोणता भाग झळकेल, कोणता झाकला जाईल, चालताना कोठे नाद होईल हे सारे ठरत असते. चित्रकार समोर येण्यापूर्वीच ही स्त्री आपल्या देहाची रचना करून मोकळी झालेली असते. कर्नाटकातील संडूर येथील लंबाणी भरतकामाला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे या कलेची बाजारमूल्याच्या अंगाने चर्चा झाली. चित्रमीमांसेच्या अंगाने ती झालेली नाही. कांचळीवरील आरसा ही केवळ शोभा मानली जाते. पण जो तिच्याकडे पाहतो त्याचेच तुकडे त्या आरशात उमटतात, हे साधे दृक्सत्य कोणाही चित्रकर्तीला पुरेसे आव्हान देणारे आहे. धुरंधरांच्या काळातील चित्रकार तेथे पांढऱ्या रंगाचा ठिपका ठेवून पुढे गेले असते. प्रभा यांनी तो ठिपकाही ठेवला नसता.

तथापि येथे थांबले तर कॅलेंडराच्या बंजारनऐवजी कलावंत बंजारन असे नवे गोंडस रूप तयार होण्याचा धोका आहे. फेटिया-कांचळी हा पेहराव आज बव्हंशी वयस्क स्त्रियांच्या अंगावर किंवा सणसमारंभात दिसतो. तांड्यातील पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. फडावरील स्त्री साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवते, डोक्याला फडके गुंडाळते, हातात कोयता घेते आणि मोळी डोक्यावरून ट्रकपर्यंत नेते. तिच्या अंगावर एकही आरसा नसतो. या देहाची कथा २०१९ मध्ये वेगळ्याच मार्गाने सार्वजनिक झाली. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तपासणीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांवर अशी शस्त्रक्रिया झाल्याचे पुढे आले. पाळी आली तर मजुरी बुडते, खाडा झाला तर दंड बसतो, अशा हिशेबाने त्या देहाचा एक अवयव गेला. या मजूर स्त्रियांत अनेक जातींच्या स्त्रिया आहेत, तांड्यावरच्याही आहेत. चित्रकलेने स्त्रीदेहाचे सृजनत्व, मातृत्व, पृथ्वीतत्त्व इतक्या वेळा रंगविले आहे की हा रिकामा केलेला देह कसा रंगवावा यासाठी तिच्याजवळ चिन्हेच नाहीत. प्रभा यांची झुकलेली मान येथे चालणार नाही; फडावर मान झुकवून उभे राहायला वेळ नसतो. शेरगिल यांचे मौनही चालणार नाही, कारण त्या स्त्रिया चौकशीसमोर बोलल्या आहेत.

स्त्री-चित्रकाराच्या नजरेची खरी परीक्षा या ठिकाणी आहे. आरसे, घुगऱ्या, बलिये काढून घेतल्यावरही चित्रातील स्त्री बंजारा म्हणून, विशिष्ट तांड्यातील विशिष्ट बाई म्हणून ओळखू येईल काय? आतापर्यंतच्या चित्रांत दोनच पर्याय दिसतात. पोशाख ठेवावा तर ती नमुना होते. पोशाख काढावा तर ती सार्वत्रिक दुःखिता होते. तिसऱ्या पर्यायासाठी चित्रकर्तीला मॉडेल समोर बसवून भागणार नाही. तिला गोरबोली ऐकावी लागेल, टाका शिकावा लागेल, कोयत्याची पकड हाताने समजून घ्यावी लागेल, किंवा कुंचला त्या पकडीची सवय असलेल्या हाती जावा लागेल. यातील पहिला मार्ग नवज्योत अल्ताफ यांनी बस्तरमधील कोंडागाव येथे आदिवासी कलावंतांबरोबर दीर्घकाळ काम करून चोखाळला आहे आणि त्यातील ताणतणावही त्यांनी लपविलेले नाहीत. दुसरा मार्ग शिक्षणव्यवस्थेच्या हाती आहे. वाशिम आणि यवतमाळच्या आश्रमशाळांतून शासकीय रेखाकला परीक्षांना बसणाऱ्या मुलींपैकी किती जणी नागपूर वा अमरावतीच्या कलामहाविद्यालयांपर्यंत पोचतात, हा कलासमीक्षेइतकाच प्राध्यापक वर्गाच्या विचाराचा विषय आहे. घरी आजीकडून टाका शिकलेली मुलगी चित्रकलेच्या तासाला फुलदाणी आणि निसर्गचित्र काढते, कारण तिच्या हातातील विद्या अभ्यासक्रमात कोठेच बसत नाही.

पोहरादेवी येथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत नंगारा संग्रहालयाचे उद्घाटन झाले. नंगाऱ्याच्या आकाराची चार मजली वास्तू, तेरा दालने, समाजातील नेत्यांची चित्रे आणि इतिहासातील टप्पे अशी त्याची योजना आहे. जो समाज दीर्घकाळ इतरांच्या नोंदवहीत चितारला गेला, त्याची स्वतःची चित्रशाळा असणे ही मोठी घटना होय. यापुढे त्या दालनांत जी चित्रे नव्याने लागतील त्यांत फेटियातील आजीच्या शेजारी शर्ट चढवलेली, कोयता धरलेली तिची नात कोणी आणि कोणत्या रेषेत रंगवावी, हे ठरविणारी नियामक समिती असेलच. त्या समितीत टाका घालणाऱ्या एखाद्या याडीला स्थान द्यावयाचे की नाही, एवढा निर्णय तरी तातडीने घेता येण्यासारखा आहे.